मुलांसाठी रोमन चरित्रे निवडताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरीच शिकणाऱ्या मुलांच्या वाचनात रोमन चरित्रांना जुना मान आहे. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२-१९२३) यांनी आपल्या अभ्यासक्रमात प्राचीन चरित्रकार प्लूटार्क याची चरित्रे नागरिकत्वाच्या शिक्षणासाठी लावली. त्यांची पद्धत पाळणारी कुटुंबे आजही ती वाचतात. पण निवड करताना काही चुकीच्या समजुती आड येतात आणि चांगले वाचन एक तर टळते किंवा अवेळी हाती पडते.

गैरसमज : प्राचीन लेखक मुलांना झेपत नाहीत, त्यांना सोप्या गोष्टीच द्याव्यात.

वस्तुस्थिती : ८-९ वर्षांच्या मुलांना गोष्टीच द्याव्यात. हारेन आणि पोलंड यांचे ‘फेमस मेन ऑफ रोम’ (१९०४) त्यासाठी चांगले आहे. पण ११-१२ वर्षांपासून मूळ चरित्राचा अनुवाद थोडा थोडा मोठ्याने वाचून दाखवता येतो. मुलाने ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगावे, घरात मराठी असेल तर मराठीत. बालआवृत्त्यांत बहुधा एक गोष्ट गळते. ‘काही जण असे म्हणतात, काही तसे’ असे प्लूटार्क वारंवार नोंदवतो, आणि विचार करायला मुले तिथेच शिकतात.

गैरसमज : सुरुवात ज्युलियस सीझरपासूनच करावी.

वस्तुस्थिती : सीझरच्या चरित्रात गॉलमधील मोहिमा, सिनेटमधील गटबाजी आणि नावांची प्रचंड गर्दी आहे. पहिल्या वाचनासाठी कोरायोलेनस बरा. त्यात एक शूर माणूस, त्याचा अहंकार आणि स्वतःच्याच शहरावर चालून आलेल्या त्या मुलाला परतवणारी आई एवढेच मध्यवर्ती आहे. एमिलियस पॉलसचे चरित्र तर विसरता न येणारे. इ.स.पू. १६८ मध्ये पिडना येथे मॅसेडोनियाचा पराभव करून तो रोमला परतला. विजययात्रेच्या ५ दिवस आधी त्याचा एक मुलगा वारला, तिच्यानंतर ३ दिवसांनी दुसरा. रोमवर येऊ शकणारे संकट आपल्या घरावर आले, असे म्हणून त्याने लोकांनाच धीर दिला. त्यानंतर जमिनीच्या प्रश्नावर प्राण गमावलेले ग्रॅकस बंधू वाचावेत. सीझर आणि ब्रूटस त्यापुढे, एकापाठोपाठ.

गैरसमज : रोमन चरित्रकार कोणताही घेतला तरी चालतो.

वस्तुस्थिती : सुएटोनियसच्या ‘बारा सीझर’मध्ये टायबेरियस, कॅलिग्युला आणि नीरो यांच्या लैंगिक अनाचाराची व क्रौर्याची उघड वर्णने आहेत. हे पुस्तक मुलाच्या हाती आख्खे देऊ नये. १५-१६ वर्षांच्या मुलांसाठी ऑगस्टसच्या चरित्रातील निवडक भाग काढावा. त्याच वयाला टॅसिटसचे ‘अग्रिकोला’ शोभते. ब्रिटनचा राज्यपाल राहिलेल्या सासऱ्याचे हे जावयाने इ.स. ९८च्या सुमारास लिहिलेले छोटेखानी चरित्र. लॅटिन शिकणाऱ्यांना कॉर्नेलियस नेपोसची सोपी वाक्यरचना सोयीची. प्लूटार्कमध्येही वगळण्याजोगे प्रसंग आहेत, म्हणून आधी पालकांनी वाचायलाच हवे.

गैरसमज : इतक्या जुन्या काळचे लिखाण, म्हणजे ते खरेच असणार.

वस्तुस्थिती : परंपरेप्रमाणे रोमची स्थापना इ.स.पू. ७५३ची. रोम्युलसवर लिहिणारा प्लूटार्क त्यानंतर आठ शतकांहून अधिक काळाने झाला, आणि दंतकथांच्या प्रदेशात शिरतो आहोत हे तो स्वतःच सांगतो. मरताना सीझरने ब्रूटसला उद्देशून काढलेले म्हणून प्रसिद्ध असलेले लॅटिन उद्गार प्राचीन चरित्रांत नाहीत. ते शेक्सपिअरच्या नाटकामुळे घरोघरी पोहोचले. इ.स. ६४च्या आगीच्या वेळी नीरो गात होता, हे सुएटोनियस ठामपणे लिहितो. टॅसिटस मात्र ती अफवा म्हणून नोंदवतो आणि आग लागली तेव्हा नीरो अँटियममध्ये होता असे सांगतो. बखर वाचताना आपण समकालीन पत्रांशी ताडून पाहतो, तेच इथेही करावे. हे दोन उतारे शेजारी ठेवून मुलालाच विचारावे, कोणावर विश्वास ठेवायचा आणि का?

गैरसमज : चरित्र म्हणजे आदर्श, म्हणून फक्त सज्जनांचीच चरित्रे निवडावीत.

वस्तुस्थिती : प्लूटार्कने ग्रीक आणि रोमन पुरुषांच्या जोड्या लावून बहुतेक जोड्यांअखेर तुलना केली, कारण त्याला पारख शिकवायची होती. डिमिट्रियस आणि अँटनी ही जोडी तर काय टाळावे हे दाखवण्यासाठीच घेतल्याचे तो सांगतो. थोरल्या केटोचा साधेपणा त्याला आवडतो, पण म्हातारे गुलाम विकून टाकण्याच्या केटोच्या रीतीचा तो स्पष्ट निषेध करतो. एकाच माणसातले गुण-दोष असे वेगळे करून पाहणे मुलांनी शिकण्यासारखे आहे.

तेव्हा यादी लांबवू नका. एका सत्राला एकच चरित्र घ्या, स्वतः आधी वाचा, नको तो भाग गाळा आणि उरलेले सावकाश, चर्चा करत वाचा. वर्षभरात दोन-तीन माणसे मुलाला नीट कळली, तरी निवड योग्य झाली असे समजा.