धर्माचा रकाना आणि प्राचार्यांची खुर्ची

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की डहाणू-तलासरीकडची माणसे आमच्याकडे हमखास येतात. कोणाचा जातीचा दाखला अडलेला, कोणाची पडताळणी रखडलेली, कोणाची शिष्यवृत्ती लटकलेली. असाच एकदा तलासरी तालुक्यातील एक वारली बाप आपल्या लेकीला घेऊन आला. मुलगी बारावी पास झालेली, घरातली पहिलीच. महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात धर्माचा रकाना तिने कोरा सोडला होता. खिडकीवरच्या लिपिकाने विचारले, "धर्म कोणता?" मुलगी म्हणाली, "आम्ही चर्चला जातो." लिपिकाने पेन खाली ठेवले. "मग आदिवासीच्या जागेवर अर्ज कसा करतेस?" अर्ज परत. बापलेक प्राचार्यांकडे गेले, तर साहेब म्हणाले, "हिंदू लिहून टाक, भानगड नको."

त्या महाविद्यालयाचे नाव आम्ही लिहीत नाही. नाव लिहून त्या मुलीची पुढची तीन वर्षे आम्हाला अवघड करायची नाहीत. लिपिक अज्ञानाने चुकला. प्राचार्य मात्र शहाणपणाने चुकले, आणि आमच्या मते ही दुसरी चूक मोठी आहे. विद्यापीठाच्या आवारातील धार्मिक विविधता म्हटले की आमच्या कुलगुरूंना परिसंवाद आठवतो, प्राचार्यांना सर्वधर्म प्रार्थना आठवते. धर्माचा रकाना कोणालाच आठवत नाही. विद्यार्थ्याची आणि संस्थेची पहिली गाठ तर तिथेच पडते.

कायदा काय सांगतो? अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदात धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अट नाही. वारली भगताकडे जावो, चर्चला जावो की कुठेच न जावो, केवळ धर्मावरून त्याचे आदिवासीपण संपत नाही. केरळ सरकार विरुद्ध चंद्रमोहनन या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. तो माणूस जमातीच्या चालीरीती पाळतो का, जमात त्याला आपला मानते का, हे पुराव्यावरून पाहायचे. ते पाहणार कोण? पडताळणी समिती. माधुरी पाटील प्रकरणातील १९९४ च्या निकालाने या समित्यांची रीत घालून दिली आणि पुढे महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. खिडकीवरच्या लिपिकाला हा अधिकार नाही. प्राचार्यालाही नाही, कुलगुरूलाही नाही.

हे आम्ही एवढ्या पोटतिडकीने का लिहितो, ते चळवळीतील वाचकांना सांगायला नको. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवसापासून आमच्या बापजाद्यांपुढे हाच रकाना उभा राहिला. बौद्ध लिहावे तर केंद्राच्या सवलती जातात, हिंदू महार लिहावे तर मन खाते. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! तेवढ्या काळात किती पोरांनी घरी त्रिसरण म्हटले आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू लिहिले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. "हिंदू लिहून टाक, भानगड नको" हे वाक्य आमच्या घरांनी ऐकलेले आहे. तेच आता तलासरीच्या मुलीला ऐकावे लागते.

आणि ही भीती हवेतली नाही. धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून वगळा, अशी 'डिलिस्टिंग'ची मागणी गेली कित्येक वर्षे मोर्चे काढून केली जाते. २०२३ साली राज्य सरकारने आयटीआयमध्ये आदिवासींच्या जागांवर शिकणाऱ्या, पण धर्म बदललेल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न समितीकडे सोपवला. अशा हवेत कोणती मुलगी धर्म खरा लिहील?

बरे, चर्चला न जाणाऱ्यांचे काय? २०११ च्या जनगणनेत तलासरीत दहांतले नऊ जण अनुसूचित जमातीचे, डहाणूत दोनतृतीयांशाहून अधिक. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कातकरी. वारल्यांचा हिरवा देव, हिमाई, कणसरी, वाघदेव. लग्न लावते ती धवलेरी, आणि तेही पालघाट देवीच्या चौकासमोर. या माणसांच्या दाखल्यावर कोणा गुरुजीने कधीकाळी 'हिंदू वारली' लिहिले आणि ते पिढ्यानपिढ्या चालले. त्यांना कोणी विचारले? शेजारी डहाणूत पारशी-इराण्यांच्या चिकूच्या वाड्या, किनाऱ्याला मांगेले, बाजारात जैन आणि मुसलमान, अधूनमधून आमची बौद्ध वस्ती. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी इथल्याच बहरोटच्या डोंगरात लपवून जपला. दुसऱ्याचा देव डोंगरात ठेवून घेणारा हा मुलूख आहे!

पण महाविद्यालयाच्या फाटकाच्या आत येताच हिशेब बदलतो. सत्यनारायण घातला तर ती संस्कृती. सरस्वतीपूजन ही परंपरा. चर्चची प्रार्थना म्हटली की प्रचार, बुद्धवंदना म्हटली की राजकारण, आणि भगताचा देव म्हणजे अंधश्रद्धा. संविधानाचे कलम २८ (३) स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हे आमच्या माणसांच्या संस्थांनाही लागू आहे, हेही सांगून टाकतो. आमच्या एखाद्या महाविद्यालयात वारली पोराला हात जोडून त्रिसरण म्हणायला लावले जात असेल तर तेही चूकच. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला नाव दिले ते मिलिंदाचे. भिक्खूला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे!

मुंबई विद्यापीठाच्या हद्दीतलेच चेंबूरचे उदाहरण घ्या. तेथील एका महाविद्यालयाने २०२४ साली हिजाब, टोपी वगैरेंवर बंदी घातली. उच्च न्यायालयाने मुलींची याचिका फेटाळली, पण ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली आणि टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का, असे व्यवस्थापनाला विचारले. ज्या मुली बुरख्यात का होईना शिकायला बाहेर पडल्या, त्यांना फाटकावर अडवून कोणाची प्रगती होते? पवईच्या आयआयटीत २०२३ साली शाकाहाऱ्यांच्या राखीव टेबलांचा निषेध केला म्हणून विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. उद्या डहाणूच्या वसतिगृहात कोणी सुक्या बोंबलाच्या वासाची तक्रार केली, तर गृहपाल कोणाची बाजू घेणार?

गडचिंचलेची आठवण काढणे भाग आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या त्या गावात मुले पळवणारे आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाचा जीव घेतला. अमानुष गुन्हा होता तो. पण त्यानंतर दोष आधी मुसलमानांवर, मग मिशनऱ्यांवर, मग लाल बावट्यावर ढकलण्याची शर्यत लागली. पकडलेल्या १०१ जणांची यादी गृहमंत्र्यांना जाहीर करावी लागली. टाळेबंदी उठल्यावर या दोन तालुक्यांतली मुले परत वर्गात आली. अफवा कशी पिकते, यावर त्यांच्याशी कोणी तासभर बोलल्याचे आमच्या तरी ऐकण्यात नाही. प्राचार्यांचे खरे काम तिथे होते.

खर्चाचे यात काही नाही. मुंबई विद्यापीठाची हद्द पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. कुलगुरूंनी एक पानी परिपत्रक काढावे. धर्माचा रकाना ऐच्छिक आहे आणि त्यावरून जमातीच्या दाखल्याची शहानिशा कोणत्याही महाविद्यालयाने करू नये, एवढे दोन मुद्दे पुरेत. महालक्ष्मीची चैत्री यात्रा, वाघबारस, ९ ऑगस्ट या दिवशी अंतर्गत चाचण्या ठेवू नयेत, एवढे प्राचार्यांच्या हातात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली केलेल्या विनियमांत जातीबरोबर धर्मावरून होणारा भेदभावही आहे आणि तक्रारीसाठी भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा आहे. त्याचे नाव फलकावर लावले आहे का, हे आमच्या कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे. आंबेडकर जयंतीच्या वर्गणीला जातो तसे जावे.

त्या मुलीचे काम झाले. आम्ही प्राचार्यांना पत्र लिहिले, सोबत निकालाची प्रत जोडली, आणि तिसऱ्या दिवशी तिला प्रवेश मिळाला. रकान्यात तिने स्वतःच्या अक्षरात 'ख्रिस्ती' आणि जमातीपुढे 'वारली' लिहिले. पावती घ्यायला ती आली तेव्हा तिच्यासोबत गावातली एक मैत्रीण होती. तिच्या घरी चर्च नाही, हिरवा देव आहे. तिचाही अर्ज भरायचा होता. तिने आम्हाला विचारले, "साहेब, मग मी काय लिहू?" आम्ही अर्ज पाहिला. सहा धर्म छापलेले होते, आणि शेवटी 'इतर'.