निसर्गातील निवांत वेळ आणि निरीक्षणाची सवय

दिल्लीच्या दक्षिण सीमेला लागून गुरुग्राममध्ये सुमारे ३९० एकरांवर अरवली जैवविविधता उद्यान पसरले आहे. एकेकाळी येथे दगडखाणी होत्या. २०१० पासून ‘आय ॲम गुडगाव’ ही नागरी संस्था, स्थानिक महापालिका आणि स्वयंसेवक यांच्या प्रयत्नांतून या उजाड जमिनीवर धौ, सालई, पळस यांसारखी अरवलीची मूळची झाडे पुन्हा रुजवली गेली. धौ हा महाराष्ट्रातील धावड्याचाच भाऊबंद. संरक्षित वनक्षेत्र नसूनही जैवविविधता टिकवणारे देशातील पहिले ठिकाण म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत या उद्यानाची नोंद झाली. शहरातील माणसे येथे मोकळ्या श्वासासाठी येतात. शेतीशी संबंधित व्यक्तीला मात्र अशा ठिकाणी आणखी एक गोष्ट मिळू शकते : थांबून पाहण्याची सवय.

वेळ आणि लक्ष

निसर्गसान्निध्याचा आरोग्याशी असलेला संबंध आता संशोधनाचा विषय झाला आहे. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, ही संकल्पना मांडली. इंग्लंडमधील सुमारे २०,००० व्यक्तींच्या माहितीवर आधारित, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य व समाधान अधिक चांगले असल्याचे नोंदवले. हा वेळ सलग असो वा तुकड्यातुकड्यांत, फरक आढळला नाही. अर्थात हा सहसंबंध आहे. कार्यकारणाचा निर्णायक पुरावा नव्हे.

दिवसभर रानात राबणाऱ्या शेतकऱ्याला या १२० मिनिटांचे काय अप्रूप, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु कोळपणी करताना लक्ष कोळप्याकडे असते आणि फवारणी करताना नोझलकडे. शेतात असणे आणि शेत पाहणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

रुईच्या झुडपापाशी पंधरा मिनिटे

दिल्ली परिसरातील पडीक जागांवर, तसेच महाराष्ट्राच्या बांधांवर रुई सर्रास आढळते. थंडी ओसरू लागली की तिच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा दाटतो. पहिल्या दोन मिनिटांत केवळ मावाच दिसतो. दृष्टी स्थिरावली की त्यात फिरणारी काळपट, नारिंगी ठिपक्यांची लांबट अळी नजरेस येते. ती लेडीबर्ड बीटल म्हणजे ढालकिड्याची अळी असते. शेजारी सिरफिड माशीची पाय नसलेली अळी एकेक मावा शोषत असते. काही मावा फुगून तपकिरी पडलेला असतो. त्याच्या शरीरात परोपजीवी गांधीलमाशीची पिढी वाढत असते. रुईवरील हे मित्रकीटक पुढे मोहरी, गहू किंवा करडईवरील माव्याकडेही वळू शकतात.

येथेच खरा धोका आहे. ढालकिडा बहुतेकांना ओळखता येतो. त्याची अळी मात्र पुष्कळदा कीड समजून फवारणीत मारली जाते. या अज्ञानाची किंमत दोनदा मोजावी लागते : एकदा औषधाच्या खर्चात आणि दुसऱ्यांदा मित्रकीटकांअभावी पुन्हा वाढणाऱ्या माव्याच्या रूपात.

लिंबू फुलपाखराचे उदाहरणही बोलके आहे. दिल्लीतील सज्जात कढीपत्त्यावर त्याची अळी दिसली की मुलांना आनंद होतो. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी तीच अळी विदर्भातील संत्र्याच्या रोपवाटिकेत कोवळी पाने फस्त करते. कीटक तोच, तो कीड ठरतो संख्येवरून आणि पिकाच्या अवस्थेवरून. ही संख्या मोजल्यावाचून कळत नाही.

पाहण्यातून घडलेला बदल

इंडोनेशियात भातावरील रासायनिक फवारणीमुळे कोळी व अन्य परभक्षी नष्ट होऊन तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाला. तेव्हा १९८६ मध्ये तेथील शासनाने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. १९८९ मध्ये तेथे शेतकरी शेतीशाळा सुरू झाल्या. त्यांचा गाभा साधा होता : शेतकऱ्यांनी ठरावीक दिवशी शेतात उतरावे, झाडे न्याहाळावीत, दिसलेले कीटक कागदावर रेखाटावेत आणि मग निर्णय घ्यावा. महाराष्ट्रातील शेतीशाळांनीही हीच पद्धत स्वीकारली आहे. मात्र घाईत उरकलेली शेतीशाळा केवळ हजेरीपट भरते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- शेतभेटीची पहिली पंधरा मिनिटे सल्ला न देता निरीक्षणासाठी राखावीत; मोबाइल खिशात ठेवावा.
- शक्यतो सकाळी, ऊन चढण्यापूर्वी जावे. नुकत्याच फवारलेल्या शेतात प्रवेश टाळावा.
- कडेची झाडे सोडून शेताच्या निरनिराळ्या भागांतील झाडे पाहावीत. पानांची खालची बाजू, शेंडा व बुंधा तपासून किडी आणि मित्रकीटक यांची स्वतंत्र नोंद करावी.
- अनोळखी अळी दिसल्यास ती मारण्यापूर्वी छायाचित्र कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावे.
- बांधावरील सर्व झुडपे सरसकट काढू नयेत. पिकावरील किडींना आश्रय देणारी झुडपे ओळखून तेवढीच काढावीत. फुले व मित्रकीटकांना आश्रय देणारी राखावीत.

खाणीच्या जागी वन उभे राहायला वर्षे लागली. शेतातील निरीक्षणाला आठवड्याला तासभर पुरेसा आहे. त्या तासातून मनाला स्वस्थता लाभेलच, शिवाय एखादी अनावश्यक फवारणीही टळू शकेल.