कोळंबीचे तीन शत्रू

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातल्या तुमच्या घरी काचेच्या टाकीत लाल चेरी कोळंबी आली. पाहुणी मूळची तैवानची, लांबी जेमतेम २-३ सेंटिमीटर! तिला जपायचं, तर तिचे शत्रू ओळखायला हवेत.

पहिला शत्रू मनीमाऊ. पाण्यात काही हललं, की ती पंजा घालणारच! उपाय सोपा आहे. टाकीवर घट्ट बसणारी जाळी लावा. म्हणजे भिंतीवरची पालही आत पडणार नाही.

दुसरा शत्रू टाकीतच असतो. एंजल मासा कोळंबी गिळतो आणि इवलासा गप्पीही तिची पिल्लं सोडत नाही. कोळंबी वाढताना सापासारखी कात टाकते. तेव्हा तिचं नवं कवच मऊ असतं, म्हणून ती लपून बसते. तिच्यासाठी पाणवनस्पतींची दाट जुडी ठेवा.

तिसरा शत्रू दिसतच नाही. तो म्हणजे डासांवरचा फवारा! कोळंबी ही कीटकांची दूरची नातलग. डासांना मारणारं औषध पाण्यात उतरलं, तर सगळ्या कोळंब्या मरू शकतात. त्या खोलीत फवारा नको, मच्छरदाणी लावा. आईबाबांनाही हे सांगा बरं का!

आणि हो, मनीवर रागावू नका. शिकार हा तिचा स्वभाव; जाळी लावणं हे आपलं काम!