चाकांवरचे घर आणि स्वयंपूर्णतेचा भ्रम

युटा, ॲरिझोना, नेवाडा आणि पूर्व कॅलिफोर्निया यांना व्यापणाऱ्या अमेरिकी वाळवंटात मोटरहोमने जाण्याची योजना आखणाऱ्या कुटुंबांना, त्यात अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आली, एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो. मोटरहोम हे चाकांवरचे संपूर्ण घर असते, त्यात शेगडी, फ्रीज, शौचालय, शॉवर आणि एसी असे सर्व काही असते, म्हणून ते वाळवंटात कोठेही उभे करून चार दिवस सुखाने राहता येते आणि आरव्ही पार्कला दिले जाणारे भाडे हे केवळ खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचे मोल असते, असा त्याचा आशय असतो. या सल्ल्यातील पहिला अर्धा भाग खरा आहे आणि त्यामुळेच उरलेला अर्धा भाग पचून जातो. मोटरहोममध्ये घरातील सर्व उपकरणे असतात हे मान्य केले, तरी ती चालवण्यासाठी लागणारी वीज व पाणी आणि त्यांतून निघणारा मैला यांची सोय ते वाहन फार थोड्या मर्यादेपर्यंतच करू शकते, आणि ही मर्यादा जुलैच्या वाळवंटात चार दिवसांची नसून काही तासांची असते.

विवेचनापूर्वी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या वाहनाला स्वतःचे इंजिन आहे आणि ज्यात राहण्याची सोय आहे ते मोटरहोम. जे दुसऱ्या गाडीने ओढून न्यावे लागते तो ट्रेलर. आणि या दोहोंना मिळून आरव्ही म्हणतात. आरव्ही पार्क म्हणजे अशा वाहनांसाठी आखून दिलेल्या जागांचा तळ. तेथील प्रत्येक जागेवर विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याच्या नळाचे तोंड या तिन्ही गोष्टी असतील, तर त्या सोयीला ‘फुल हुकअप’ म्हणजे पूर्ण जोडणी म्हणतात. पार्कच्या भाड्याचा मोठा भाग या तीन जोडण्यांचा असतो. लाल खडकांचे सुळके आणि त्यांवरचा सूर्यास्त त्याच भाड्यात मिळतो हे गिऱ्हाइकाचे नशीब.

प्रथम विजेचा विचार करू. मोटरहोमच्या छतावरील एसी साधारण १३,५०० किंवा १५,००० बीटीयू क्षमतेचा असतो आणि चालू असताना सुमारे १,५०० वॅट वीज घेतो. भाड्याच्या मध्यम आकाराच्या वाहनात घरगुती वापरासाठी १२ व्होल्टच्या, प्रत्येकी १०० अँपिअर-तासांच्या दोन शिसे-आम्ल बॅटऱ्या आहेत असे धरले, तर त्यांत एकूण २,४०० वॅट-तास ऊर्जा साठते, आणि अशी बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटत असल्यामुळे वापरण्याजोगी ऊर्जा १,२०० वॅट-तास उरते. एवढ्यावर एसी कागदोपत्री अठ्ठेचाळीस मिनिटे चालेल. प्रत्यक्षात बॅटरीच्या एकदिश विजेचे घरगुती प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये काही ऊर्जा वाया जाते, शिवाय भाड्याच्या अनेक वाहनांत एवढा भार पेलणारा इन्व्हर्टर मुळात बसवलेलाच नसतो. शाळकरी मुलालाही जमेल असे हे गणित मांडल्यावर ‘पण छतावर सोलर पॅनल आहेत की’ असे उत्तर ठरल्याप्रमाणे येते, म्हणून तेही तपासावे लागते. एकूण ४०० वॅटचे पॅनल वाळवंटातील सहा तासांच्या उत्तम उन्हात सिद्धान्ततः २,४०० वॅट-तास देतात. उष्णतेने पॅनलची कार्यक्षमता घटते, छतावर ते आडवे बसवलेले असतात आणि त्यांवर धूळ साचते, हे सारे वजा करता दिवसभराच्या कमाईवर एसी तासभर किंवा थोडा अधिक चालतो. दिवे, पंखे, पाण्याचा पंप आणि फोन यांच्यासाठी ही वीज पुरेशी आहे, आणि सौरऊर्जेचे समर्थक सांगतात ते तेवढ्यापुरते अगदी खरे आहे. लिथियम बॅटऱ्यांची मोठी, महागडी यंत्रणा बसवलेली वाहने रात्रभर एसी चालवू शकतात हेही खरे. पण ती वाहने प्रवाशाला सहसा भाड्याने मिळत नाहीत.

उरतो तो जनरेटर. मध्यम मोटरहोममध्ये सुमारे ४,००० वॅटचा जनरेटर असतो आणि तो वाहनाच्याच इंधनटाकीतून पेट्रोल घेतो. प्रवासी उजाड जागी अडकू नये म्हणून बहुतेक वाहनांत टाकी सुमारे पाव उरली की जनरेटरचा पुरवठा आपोआप बंद होईल अशी रचना असते. समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरला जनरेटरची क्षमता सुमारे तीन ते साडेतीन टक्क्यांनी घटते, त्यामुळे सुमारे १,६०० मीटर उंचीवरील मॉन्युमेंट व्हॅलीत ४,००० वॅटच्या यंत्राकडून ४,००० वॅटची अपेक्षा ठेवता येत नाही. याखेरीज बहुतेक तळांवर रात्रीच्या शांततेच्या वेळेत जनरेटर चालवण्यास मनाई असते, म्हणजे झोपेच्या वेळी, जेव्हा तो खरोखर हवा असतो, तेव्हाच तो निरुपयोगी ठरतो.

पार्कमधील खांबाला वाहन जोडल्यावर मात्र प्रश्न संपतो, असे समजणे हा त्याच गैरसमजाचा दुसरा टप्पा होय. खांबावर ३० अँपिअरची जोडणी असेल, तर १२० व्होल्टच्या दाबाने एकूण ३,६०० वॅट मिळतात. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र वाहिन्या असल्यामुळे १२,००० वॅट मिळतात, आणि हा फरक नावातील आकड्यांवरून वाटतो त्याहून बराच मोठा आहे. तीस अँपिअरवर एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेवरचा गीझर एकाच वेळी चालवल्यास मागणी ४,००० वॅटच्या वर जाते आणि ब्रेकर पडतो. त्यात पार्कचा दोष नसतो. दुपारी पार्कमधील सर्वांचे एसी एकदम चालू असताना विजेचा दाब घसरतो, दाब घसरला की कॉम्प्रेसर अधिक प्रवाह खेचून तापतो आणि जळूही शकतो, म्हणून दाब ठरावीक पातळीखाली जाताच जोडणी तोडणारे संरक्षक उपकरण खांब आणि वाहन यांच्यामध्ये लावणे शहाणपणाचे असते.

येथे जाणकार मंडळींत फिरणाऱ्या एका अर्धसत्याचाही समाचार घेतला पाहिजे. आरव्हीचा एसी बाहेरच्यापेक्षा फक्त वीस अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे अकरा अंश सेल्सिअसच थंड करू शकतो, असे छातीठोकपणे सांगितले जाते. वस्तुतः हा फरक यंत्रात शिरणाऱ्या आणि यंत्रातून बाहेर पडणाऱ्या हवेतील आहे; त्याचा बाहेरच्या तापमानाशी थेट संबंध नाही. आतली हवा यंत्रातून पुन्हापुन्हा फिरत असल्याने ती अकरा अंशांहून अधिक थंड होऊ शकते. ती किती होईल हे भिंतींतून, छतातून आणि विशेषतः समोरच्या विस्तीर्ण काचेतून उष्णता किती वेगाने आत येते यावर ठरते, आणि मोटरहोमच्या भिंती पातळ असल्यामुळे हा वेग घराच्या तुलनेत फारच जास्त असतो. म्हणूनच काच परावर्तक पडद्याने झाकणे, मोठ्या खिडक्या पश्चिमेकडे येणार नाहीत अशी जागा मागून घेणे आणि दुपारची वाट न पाहता सकाळीच एसी सुरू करणे यांचा उपयोग होतो.

पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्णतेचा भ्रम अधिकच लवकर फुटतो. मध्यम मोटरहोमच्या स्वच्छ पाण्याच्या टाकीत साधारण १५० लिटर पाणी मावते. भारतात शहरी पाणीपुरवठा योजना आखताना माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते हे लक्षात घेतले, तर चौघांच्या कुटुंबाची ही टाकी एका माणसाच्या एका दिवसाइतकी ठरते. वापरलेले पाणी नाहीसे होत नाही, ही तितकीच उघड गोष्टही विसरली जाते. सिंक आणि शॉवरचे पाणी ‘ग्रे’ टाकीत आणि शौचालयातील मैला ‘ब्लॅक’ टाकीत साठतो, आणि या टाक्या केवळ ठरवून दिलेल्या ठिकाणीच रिकाम्या करता येतात. पूर्ण जोडणी मिळाल्यावर ब्लॅक टाकीची झडप उघडीच ठेवली की कटकट मिटते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तसे केल्यास द्रव भाग वाहून जातो, घन भाग तळाशी ढिगासारखा साचतो आणि वाळवंटातील कोरड्या उष्णतेत कडक होऊन बसतो, आणि मग तो काढण्याचा खर्च देखाव्याच्या कल्पित भाड्याहून खूपच जास्त येतो. टाकी निदान दोन-तृतीयांश भरेपर्यंत झडप बंद ठेवणे आणि मग एकदम सोडणे हीच योग्य रीत होय. सिंकच्या खालच्या वाकड्या नळीत थांबून दुर्गंधी रोखणारे पाणीही या हवेत लवकर आटते, त्यामुळे टाकी स्वच्छ असूनही वास येतो. अशा वेळी रसायने ओतण्याआधी पेलाभर पाणी ओतून पाहावे.

पार्कच्या नळाला येणारे पाणी हा त्या प्रदेशातील सहजसुलभ पदार्थ नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. मॉन्युमेंट व्हॅली ज्या नावाहो नेशनमध्ये येते, त्या सुमारे ७१,००० चौरस किलोमीटरच्या स्वायत्त आदिवासी प्रदेशातील जवळपास तीस टक्के घरांत नळाचे पाणी नाही, असा आकडा सर्वत्र दिला जातो. अनेक कुटुंबे पिंपे भरून गाडीतून पाणी आणतात. १८६८ च्या करारानुसार या लोकांसाठी पाणी मिळवून देण्याची सक्रिय जबाबदारी अमेरिकी सरकारवर येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. या पार्श्वभूमीवर धुळीने माखलेले मोटरहोम पार्कच्या नळाखाली धुण्यावरील बंदी जाचक वाटत असेल, तर तो दोष नियमाचा मानता येत नाही.

फ्रीजविषयीचा गैरसमज तुलनेने लहान आहे. जुन्या पद्धतीचे आरव्ही फ्रीज अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या अभिसरणावर, गॅसच्या ज्योतीने किंवा विजेच्या उष्णतेने चालतात. हे अभिसरण गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असल्याने वाहन तिरपे उभे केल्यास फ्रीज थंडावा देत नाही आणि कालांतराने निकामी होतो. वाहन समतल करण्यासाठी चाकांखाली ठोकळे ठेवणारे लोक नुसत्या हौसेपायी ते करत नसतात.

वाळवंट सदैव तापलेले असते, असे मानणारे आणि वाळवंटात रात्री थंडी पडतेच, असे मानणारे दोन्ही पक्ष सारखेच चुकतात. हवेत बाष्प कमी असल्याने जमिनीची उष्णता रात्री वेगाने निघून जाते हे खरे, आणि जानेवारीत मॉन्युमेंट व्हॅलीत पारा शून्याखाली उतरणे नेहमीचे असल्याने तेथे पाण्याची नळी रात्री काढून ठेवावी लागते. उलट समुद्रसपाटीखाली असलेल्या डेथ व्हॅलीच्या तळाशी जुलैत रात्रीचे किमान तापमानही बहुधा तीस अंशांच्या वरच राहते. वाहन भाड्याने देणाऱ्या अनेक कंपन्या उन्हाळ्यात तेथे वाहन नेण्यास करारातच मनाई करतात.

पाऊस नाही म्हणजे पूर नाही, हा गैरसमज सर्वांत घातक आहे. ‘वॉश’ म्हणजे कोरड्या ओढ्याचे सपाट, वाळूचे पात्र मुक्कामाला मोहक वाटते, परंतु पाऊस मैलोगणती दूर पडला तरी ते काही मिनिटांत भरून वाहू शकते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच दूरवरच्या पावसाच्या लोंढ्याने अकरा पर्यटकांचा बळी घेतला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या नोंदीनुसार २० ऑगस्ट २०२३ रोजी डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे एका दिवसात २.२ इंच, म्हणजे जवळपास वर्षभराचा पाऊस पडला आणि ते उद्यान सुमारे दोन महिने बंद राहिले. या प्रदेशालाही मान्सून आहे. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा तो १५ जून ते ३० सप्टेंबर असा मोजते.

उघडी जमीन म्हणजे कोणाचीही जमीन, हेही खरे नाही: ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत मोफत राहता येते, पण नावाहो नेशनची जमीन ही तशी सार्वजनिक जमीन नाही आणि तेथे परवान्याविना मुक्काम करणे बेकायदा आहे. मोटरहोमसाठी नेहमीच वेगळा परवाना लागतो, ही समजूतही चुकीची आहे; भाड्याच्या नेहमीच्या वाहनांना साधा परवाना पुरतो, मात्र वाहन चाळीस फुटांहून लांब असल्यास कॅलिफोर्नियात वेगळ्या वर्गाचा परवाना आवश्यक असतो. छताच्या कडेचा कापडी मांडव रात्रभर उघडा ठेवण्यास हरकत नाही, असे समजणाऱ्यांना वाळवंटातील पहिलीच वावटळ उत्तर देते. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळे पुढे नेली जात नाहीत, पण त्याच राज्यात पसरलेल्या नावाहो नेशनमध्ये ती नेली जातात, त्यामुळे पेज गावातून निघून मॉन्युमेंट व्हॅलीला पोहोचणाऱ्याचा एक तास वाटेतच गळतो आणि ठरवलेली सहल चुकते. आणि ती सहल ठरवावीच लागते, कारण खडकांच्या पायथ्याशी नेणाऱ्या तेथील सतरा मैलांच्या कच्च्या रस्त्यावर मोटरहोमला प्रवेशच नाही.