जलजीवालय, वनस्पतियुक्त (घरगुती)

काचेच्या टाकीत माती, वाळू, पाणवनस्पती व मोजके मासे ठेवून फारशा यंत्रसामग्रीवाचून चालविलेले लहान जलजीवालय. यात पाणी निर्मळ राखण्याचे काम मुख्यत्वे वनस्पती व सूक्ष्मजंतू करतात. त्यामुळे खर्च कमी येतो आणि वीजपुरवठा खंडित झाला, तरी सहसा हानी होत नाही.

इतिहास : इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी एकाच पात्रात ठेवून केलेल्या प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. मुंबईत १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. मातीचा थर वापरण्याच्या अल्पखर्ची पद्धतीला अमेरिकन लेखिका डायना वॉल्स्टॅड यांच्या १९९९ मधील ग्रंथाने विशेष प्रसिद्धी मिळवून दिली.

तत्त्व : माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया हे विषारी द्रव्य तयार होते. काही सूक्ष्मजंतू त्याचे नायट्राइटात व इतर काही नायट्राइटाचे नायट्रेटात रूपांतर करतात. नायट्राइटही माशांना घातक असते. नायट्रेट त्यामानाने सौम्य होय. वनस्पती ही नायट्रोजनयुक्त द्रव्ये पोषणासाठी शोषून घेतात व उजेडात ऑक्सिजन देतात. रात्री मात्र त्याही ऑक्सिजन वापरतात. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग हवेला मोकळा असावा लागतो.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती : हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असून त्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. अशा खडकातील विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या बायकार्बोनेटांमुळे बहुधा जड असते. व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला या वनस्पती बायकार्बोनेटातून कार्बन मिळवू शकतात आणि गप्पी माशांना जड पाणी मानवते. त्यामुळे पाणी मृदू करण्याचा खर्च करावा लागत नाही. खरी अडचण उन्हाळ्याची असते. पाण्यात २०° से. तापमानास दर लिटरमागे सु. ९ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, ३०° से.ला हे प्रमाण सु. ७.५ मिग्रॅ.पर्यंत उतरते.

मांडणी : ६० × ३० × ३० सेंमी. आकाराच्या टाकीची एकूण धारणाशक्ती ५४ लि. असते; माती, वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता सु. ४० लि. पाणी राहते. टाकी सपाट व भक्कम आधारावर, दुपारचे ऊन येणार नाही अशा जागी ठेवावी. तळाशी खत न घातलेल्या बागेतील मातीचा अडीच सेंमी. थर द्यावा. शेतातील काळी माती चिकट असून ओली झाल्यावर फुगते, म्हणून ती एकटी वापरू नये. मातीवर धुतलेल्या जाड वाळूचा तेवढाच थर पसरावा. पाणी ताटलीवर संथपणे ओतावे, म्हणजे माती ढवळली जात नाही. नळाच्या पाण्यातील मुक्त क्लोरीन उडून जाण्यासाठी ते आधी एक दिवस उघडे ठेवावे. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला व ब्राह्मी प्रारंभीच दाट लावाव्यात आणि रोज सु. आठ तास प्रकाश द्यावा. वनस्पतींना नवी पाने फुटल्यावर, तीन-चार आठवड्यांनी, प्रथम दोन-तीन मासे सोडावेत. गप्पींची पैदास झपाट्याने होत असल्याने केवळ पाच-सहा नर ठेवणे सोयीचे असते.

निगा : मासे काही मिनिटांत संपवतील इतकेच खाद्य द्यावे. दर पंधरवड्यास सु. १० लि. पाणी बदलावे, काढलेले पाणी कुंड्यांतील झाडांना उपयुक्त असते. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी जड पाणीच घालत राहिल्यास क्षार साठतात. त्यासाठी साठविलेले स्वच्छ पावसाचे पाणी अधिक चांगले. उन्हाळ्यात टाकीभोवती ओले फडके गुंडाळावे. बर्फ टाकून तापमान एकदम उतरवू नये. २०१६ मधील टंचाईत मराठवाड्यातील लातूर शहरास रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा प्रदेशात माशांची संख्या पावसाळ्यातील मुबलकतेवरून नव्हे, तर मे महिन्यात घरी उरणाऱ्या पाण्यावरून ठरविणे इष्ट होय. मासे थोडे असल्यास पाणी बदलण्याची गरजही कमी पडते.

गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील मासा आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी तो भारतात आणला गेला असला, तरी स्थानिक जलचरांना त्यापासून उपद्रव होऊ शकतो. म्हणून नको असलेले मासे किंवा वनस्पती नदी, तलाव वा विहिरीत सोडू नयेत.