किडनीचा कर्करोग : सीबीसीचा कागद काय सांगतो?

‘रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे कॅन्सर नाही ना?’ लघवीतून रक्त गेलेले रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. तसे ठामपणे सांगता येत नाही. किडनीचा कर्करोग शोधून काढणारी खात्रीची रक्ततपासणी रोजच्या वापरात नाही. त्यासाठी सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनच करावा लागतो.

मग रक्ततपासणीचा उपयोग काय? आजार फुप्फुसांत किंवा हाडांत पसरला असेल, तर पुढची वाटचाल कशी राहील, याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. त्यासाठी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘आयएमडीसी’ निकष जगभर वापरतात. त्यात सहा मुद्दे आहेत. निदानानंतर वर्षाच्या आत औषधे सुरू करावी लागणे आणि रोजची कामे करण्याची ताकद घटणे, हे दोन विचारपूस करून कळतात. उरलेले चार रक्तात दिसतात : हिमोग्लोबिन कमी, कॅल्शियम, न्यूट्रोफिल पेशी आणि प्लेटलेट जास्त. एकही मुद्दा लागू नसेल तर कमी जोखीम, एक-दोन असतील तर मध्यम, तीन किंवा अधिक असतील तर जास्त जोखीम.

यामागचे कारण म्हणजे शरीरात धुमसत राहणारा दाह. गाठीमुळे इंटरल्युकिन-६ सारखी रसायने वाढतात. त्यामुळे प्लेटलेट वाढतात, लोह साठ्यात अडकून पडते आणि हिमोग्लोबिन उतरते. काही गाठी हाडांतले कॅल्शियम रक्तात आणणारे प्रथिनही तयार करतात.

मात्र आपल्याकडे हे आकडे जपून वाचावे लागतात. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. त्यामुळे कमी हिमोग्लोबिन जुनेही असू शकते. न्यूट्रोफिल साध्या जंतुसंसर्गानेही वाढतात. कॅल्शियमचा आकडा अल्ब्युमिनसोबतच पाहावा लागतो. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.

‘जास्त जोखीम’ म्हणजे आयुष्याची मुदत नव्हे. हे निकष ठरले तेव्हा आजची इम्युनोथेरपी उपलब्ध नव्हती. कोणती औषधे द्यायची, हे ठरवताना आता हाच गट पाहिला जातो. सीबीसी आणि कॅल्शियमची तपासणी ससूनमध्ये होते, तशी पेठेतल्या लहान लॅबमध्येही होते.

आणि एक लक्षात ठेवा : लघवीत एकदाही रक्त दिसले, दुखत नसले, नंतर आपोआप थांबले, तरी डॉक्टरांना दाखवा आणि सोनोग्राफी करून घ्या. नॉर्मल सीबीसीवर विसंबून थांबू नका.