टीमबाहेरची माणसं

परदेशीपुऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉम्प्लेक्समधल्या छोट्या कचेऱ्या, खंडवा रोडकडचं क्रिस्टल आयटी पार्क आणि सुपर कॉरिडॉरवरची टीसीएस-इन्फोसिसची मोठी आवारं. इंदूरमधल्या सॉफ्टवेअरच्या कामाचा गेल्या दोन-अडीच दशकांचा प्रवास एवढ्या तीन ठिकाणांत मावतो. याच काळात 'अजाइल', म्हणजे छोट्या टप्प्यांत आणि वारंवार प्रतिसाद घेत सॉफ्टवेअर करण्याची रीत, इथे आलं आणि रुजलं. टीमने आपसात कसं बोलावं याची शिस्त त्यातून उत्तम लागली. टीमबाहेरच्या माणसांशी, म्हणजे पैसे देणाऱ्या, रोज ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या, त्याचा हिशेब तपासणाऱ्या माणसांशी बोलणं मात्र फार हळू सुधारलं. जिथे सुधारलं तिथे प्रत्येक वेळी एकच गोष्ट घडलेली दिसते: अर्धवट काम योग्य माणसासमोर वेळेत ठेवलं गेलं होतं.

सुरुवातीच्या वर्षांत प्रकल्प म्हणजे आधी जाडजूड गरजपत्र. त्यावर सही झाली की क्लायंट दिसायचा तो थेट शेवटच्या चाचणीला. मधल्या काळात तिकडे असलेला एखादा ऑनसाइट सहकारी हाच दुवा. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. दुपारी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळायचं, आणि ते अपुरं असलं की आणखी एक दिवस जायचा. बदल हवा असेल तर चेंज रिक्वेस्ट, आणि तिच्या पैशांवरून घासाघीस. दोन्ही बाजू कागदाच्या आडून बोलायच्या.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्ड इथे १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाबरोबर काम करणं मोलाचं, असं त्यात ठामपणे म्हटलं होतं. व्यवसायातल्या माणसांनी आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी रोज एकत्र काम करावं, हेही त्यातलं एक तत्त्व. आमच्याकडचा धंदा तर करार आणि अंतर या दोन खांबांवर उभा होता, त्यामुळे हे वाचायला जितकं सोपं तितकंच आचरायला अवघड होतं.

अंतर हीच काय ती अडचण, असंही नव्हतं. क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाचा प्रकल्प या विचाराच्या पाळण्यांपैकी एक. प्रोग्रामर केंट बेक १९९६ मध्ये त्यात आले आणि एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या अजाइल पद्धतीला तिथेच आकार मिळाला. ग्राहकाचा प्रतिनिधी टीमबरोबर बसून काम करायचा. तरीही २००० मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. गरजा सांगणारी माणसं वेगळी होती आणि पैसा मंजूर करणारी वेगळी, आणि दोघांच्या अपेक्षा एक राहिल्या नाहीत, असं त्या प्रकल्पाच्या चर्चेत पुढे वारंवार आलं. मला हा धडा जाहीरनाम्याइतकाच मोठा वाटतो. 'ग्राहक' नावाचा एकच माणूस क्वचितच असतो.

इंदूरमध्ये स्क्रम, म्हणजे काही आठवड्यांच्या 'स्प्रिंट'मध्ये काम करण्याची अजाइल चौकट, सर्रास रुजलं ते नंतरच्या दशकात. काय बनवायचं ते ठरवणारा खरा प्रॉडक्ट ओनर अमेरिकेत, आणि त्याच्या वतीने बोलणारा बिझनेस ॲनालिस्ट इथे. संध्याकाळी सातचा कॉल म्हणजे तिकडचे सकाळचे साडेनऊ. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं तासभर मागे गेली की हाच कॉल आठला, मार्चमध्ये पुन्हा सातला. ऐन दिवाळीच्या सुमारास घरची जेवणं पुढे ढकलली जायची आणि तिकडे कुणाला त्याचा पत्ताही नसायचा. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, सगळं शहर रस्त्यावर येतं. क्लायंटला मात्र नुसतं 'लोकल हॉलिडे' असं कळवलं जायचं. पुढे काही टीमनी वर्षाचं सुट्ट्यांचं पत्रक आधीच पाठवायला सुरुवात केली, त्या दिवसाबद्दल दोन ओळी आणि गेरीचे फोटो जोडून. मग समोरूनही कळू लागलं की त्यांच्या लेखा विभागाचा महिनाअखेरचा आठवडा टाळा, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात रिलीज नको. हे वरवर किरकोळ वाटतं, पण तारखांवरून होणारे निम्मे वाद इथेच मिटायचे.

सगळ्यात जास्त वाया गेली ती स्प्रिंटअखेरची बैठक. तिचा डेमो झाला होता. इथला एक जण ठरलेल्या बटणांवर क्लिक करायचा, पलीकडे चार माणसं 'छान' म्हणायची आणि कॉल संपायचा. मालाच्या आवकीचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका टीमने ही रीत मोडली, ते मी जवळून पाहिलं. दोन दिवस आधी लिंक पाठवली आणि बैठकीत स्क्रीन गोदामातल्या पर्यवेक्षक बाईंच्या हाती दिली. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "एका ट्रकमधून तीन ऑर्डरींचा माल आला तर नोंद कुठे करायची?" स्क्रीनवर ऑर्डर क्रमांकाला एकच रकाना होता. मुख्य कार्यालयात बसणाऱ्या प्रॉडक्ट ओनरला ही रोजची गोष्ट ठाऊकच नव्हती. दुसऱ्याच स्प्रिंटमध्ये ती रचना बदलली. हेच सहा महिन्यांनी कळलं असतं तर निम्मा डेटाबेस उलगडावा लागला असता. २०२० च्या स्क्रम गाइडने स्पष्टच म्हटलं की ही बैठक कामाची आहे, तिला नुसतं सादरीकरण करून ठेवू नका. तोवर पुष्कळ टीमची पुष्कळ वर्षं डेमोत गेली होती.

बाहेरच्या माणसापर्यंत पोचायचं कसं, हे आमच्या शहराने त्याच दशकात वेगळ्याच कामात दाखवलं. महापालिकेने घरोघरचा कचरा उचलण्याची नवी पद्धत २०१५-१६ मध्ये आधी दोन वॉर्डांत चालवून पाहिली आणि मग शहरभर नेली. स्वयंसेवी संस्थांची माणसं दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा का ठेवायचा ते समजावत होती. चुकलं तर गाडीपाशीच, तिथल्या तिथे सांगितलं जायचं. तक्रारीसाठी ३११ ॲप आलं. स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ मध्ये पंचविसावं असलेलं इंदूर २०१७ मध्ये पहिलं आलं आणि पुढेही टिकलं. या यशामागे यंत्रणा होती, पैसा होता, दंडही होता. तरी मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो हा, की ज्याची सवय बदलायची त्याच्याशी त्याच्या दारात, रोज, त्याच्या भाषेत बोललं गेलं. गोदामातल्या त्या बाईंना स्क्रीन देणं याच जातीचं होतं.

वाईट बातमी वेळेत सांगणं शिकायला याहून जास्त काळ लागला. दर आठवड्याच्या अहवालात हिरवा रंग, हिरवा, हिरवा, आणि रिलीजच्या तोंडावर एकदम लाल. हा रोग जगभरचा आहे. अमेरिकेचं हेल्थकेअर डॉट गव्ह हे आरोग्यविम्याचं सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी जेमतेम सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. धोक्याच्या सूचना आधी दिल्या गेल्या होत्या, पण त्या निर्णय घेणाऱ्यांपर्यंत धड पोचल्या नाहीत. आमच्याकडे उपयोगी पडलं ते शुक्रवारचं छोटं टिपण. 'परताव्याचं काम ८० टक्के झालं' असं पूर्वी लिहिलं जायचं आणि त्यातून कुणालाच काही कळत नसे. आता लिहितात: 'पूर्ण रक्कम परत देता येते, अंशतः परत देता येत नाही. अशा वेळी कर कसा मोजायचा हे तुमच्या अकाउंट्सकडून बुधवारपर्यंत कळलं नाही, तर १८ तारखेचा रिलीज पुढे जाईल.' असं वाक्य वाचून क्लायंटचा माणूस उठून अकाउंट्सच्या टेबलापाशी जातो. टिपण जाणार कुणाला, हेही आधी ठरवलेलं असतं, आणि त्यात खर्च मंजूर करणाऱ्याचं नाव असतंच.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने नकळत एक उपकार केला. आधी इंदूरच्या मीटिंग रूममध्ये दहा जण स्पीकरभोवती बसायचे, बोलायचा फक्त मॅनेजर. घराघरांतून कॉल सुरू झाले तशी प्रत्येकाला सारख्या आकाराची चौकट मिळाली. वर्षभराच्या अनुभवाची मुलगी क्लायंटला थेट विचारू लागली, आणि तिचा प्रश्न चार ईमेलांतून गाळला जाऊन पोचायचा थांबला. कार्यालयं पुन्हा भरली तेव्हा काही टीमनी ही पद्धत मुद्दाम टिकवली: खोलीत बसूनही प्रत्येकाचा लॅपटॉप आणि कॅमेरा सुरू.

करार मात्र अजून मागे आहेत. ठरावीक रकमेची कामं आजही येतात आणि त्यांत क्लायंटने वेळ किती द्यायचा याचा उल्लेखच नसतो. अलीकडे मी काही करारांत एक नवं कलम पाहिलं आहे: प्रत्येक स्प्रिंटमध्ये प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसांचे दोन तास क्लायंट उपलब्ध करून देईल. ते वाटाघाटीत अनेकदा खोडलं जातं, कारण तेवढ्या वेळासाठी गोदामातला किंवा काउंटरवरचा माणूस मोकळा करायचा खर्च त्यांच्या कुठल्याच विभागाला आपल्या माथी नको असतो. आमच्याकडच्या विक्री विभागाने हे कलम सही होण्याआधी लढून राखायला हवं, आणि गरज पडली तर त्या दोन तासांचा खर्च आपल्या किमतीत धरायला हवा.